खोडवा

‘यंदा लागण कमी, खोडवाच जास्त.’ कोल्हापूर-सांगलीकडचा एखादा शेतकरी नागपूरच्या सीताबर्डीवर उभा राहून हे वाक्य बोलला, तर ऐकणाऱ्यांपैकी बरेचजण दोनदा अडखळतील. पहिल्यांदा ‘लागण’ या शब्दाशी. नागपूरकरांची लागण म्हणजे डेंग्यूची, काविळीची. पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून येते ती. शेतात रोप लावण्याला आपण लागवड म्हणतो. दुसऱ्यांदा अडखळायचं ते ‘खोडवा’शी. कपाशी, तूर, सोयाबीन आणि संत्र्याच्या मुलखात हा शब्द घरोघरी बोलला जात नाही. कानावर आला तरी तो खोडाशी संबंधित असेल एवढंच कळतं.

पण त्या शेतकऱ्याने पाच शब्दांत पुढच्या वर्षाचं सगळं चित्र मांडलेलं असतं. नव्याने लावलेला ऊस थोडा आहे, जुन्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस अधिक आहे. म्हणजे ऊस लवकर पिकेल, कारखान्यांना गाळप लवकर सुरू करावं लागेल, वजन काहीसं घटेल. एका शब्दात एवढं मावतं, म्हणून या पुस्तकातलं एक पूर्ण प्रकरण मी त्याला देतो आहे.

खोडवा म्हणजे उसाची तोडणी झाल्यावर जमिनीत राहिलेल्या बुडख्यांतून फुटून वाढलेलं उसाचं पीक. नवं बेणं नाही, नवी नांगरट नाही, नवी सरी नाही. वावर तेच, मुळं तीच, वरचा ऊस मात्र नवा.

हे घडतं कसं, ते उसाच्या कांडीकडे नीट पाहिलं की उलगडतं. रसवंतीवर घाण्याला लावण्याआधी कांडं हातात घ्या. ठरावीक अंतरावर पेरं दिसतील आणि प्रत्येक पेरावर एक डोळा. डोळा म्हणजे झोपलेला कोंब. जमिनीच्या वरची पेरं लांब असतात. जमिनीखालची अगदी आखूड आणि दाटीने एकावर एक बसलेली. त्या दाटीतही डोळे असतात. ऊस उभा असेपर्यंत शेंड्याकडून खाली येणारी वाढनियामक द्रव्यं या डोळ्यांना निजवून ठेवतात. कोयत्याचा घाव बसला, शेंडा गेला, की तो धाक संपतो. बुडख्यात साठलेल्या अन्नावर आणि जुन्या मुळांनी ओढलेल्या पाण्यावर जमिनीखालचे डोळे जागे होतात. आठ-पंधरा दिवसांत वावरभर हिरव्या सुया वर येतात. पुढे या नव्या फुटव्यांना स्वतःची मुळं फुटतात आणि जुनी मुळं हळूहळू कुजून मातीत मिसळतात. ऊस हे मुळात गवत आहे, हे यावरून पटावं. दूर्वा उपटली तरी पुन्हा उगवते, तसाच हा प्रकार. फक्त हे गवत दहा-बारा फूट उंच वाढतं आणि अंगात साखर साठवतं.

आता शब्दांची उतरंड पाहू. नव्या बेण्याच्या टिपऱ्या पुरून केलेला ऊस म्हणजे लागण. दोन डोळ्यांच्या टिपऱ्या घेतल्या तर हेक्टरी सुमारे २५,००० लागतात. ही लागण कधी झाली यावरून तिची पुन्हा तीन नावं पडतात: जुलै-ऑगस्टमधली आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली पूर्वहंगामी आणि डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतची सुरू. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने वावरात उभा असतो, सुरू बारा महिने. लागणीचा ऊस तुटला की त्याच बुडख्यांवर येतो तो खोडवा. खोडवा तुटल्यावर पुन्हा फुटवा राखला तर तो निडवा. निडव्याच्या पुढे साधारणपणे कोणी जात नाही. बुडखे उपटून, नांगरट करून वावर मोकळं केलं जातं.

लागण, खोडवा, निडवा. आजोबा, वडील, मुलगा असावेत तशा या एकाच बेण्याच्या तीन पिढ्या. पिकाच्या पिढीला स्वतंत्र नाव द्यावं असं सगळ्याच भाषांना वाटलेलं नाही. पोर्तुगीज बोलणाऱ्या ब्राझीलमध्ये मात्र अशीच जोडी आहे: पहिल्या फुटव्याला ‘सोका’, दुसऱ्याला ‘रेसोका’. तिथे एकदा लावलेला ऊस पाच-सहा वेळा तोडून मगच नवी लागण करतात, त्यामुळे हे शब्द त्यांना रोज लागतात. इंग्रजांनी ‘रटून’ हा शब्द स्पॅनिश ‘रेतोन्यो’वरून घेतला. रेतोन्यो म्हणजे कोंब, धुमारा. वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांतून तो शब्द इंग्रजीत शिरला आणि पुढे शेतीखात्याच्या कागदांवरून आपल्याकडेही आला. मॉरिशसमध्ये फ्रेंच वळणाचा ‘रेपूस’ चालतो, म्हणजे पुन्हा फुटलेला. एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारावर त्या बेटावरच्या ऊसमळ्यांत गेलेल्या मराठी माणसांना आपल्या पिकासाठी हा नवा शब्द ऐकावा लागला असणार.

भारतात नकाशा आणखी रंगीत होतो. हिंदीत पेडी. गुजरातीत लाम. कानडीत कूळे. तमिळमध्ये मरुदांबू. तेलुगूत कार्शी. यांतला कुठलाही शब्द दुसऱ्याचा अनुवाद नाही. हे पीक पुस्तकातून शिकून आलेलं नाही, ज्याने त्याने आपल्या वावरात पाहिलं आणि आपापल्या बोलीत नाव ठेवलं, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

नागपूर या नकाशावर शिवेवर उभं आहे. उत्तरेला सावनेरवरून पुढे गेलं की सौंसर आणि पांढुर्णा लागतात. मध्य प्रदेशात असूनही तिथे मराठी घरोघरी बोलली जाते. छिंदवाडा ओलांडून खाली नर्मदेच्या खोऱ्यात उतरलं की नरसिंहपूर येतं, मध्य प्रदेशातला उसाचा आणि गुळाचा सर्वांत नावाजलेला जिल्हा. तिथे पेडी. दक्षिण-पश्चिमेला मराठवाड्याच्या दिशेने निघालं की खोडवा. १९५६ पर्यंत नागपूर ही मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषा बोलणाऱ्या प्रांताची राजधानी होती. शेतीखात्याचे कागद इथून दोन्हीकडे जात. त्यामुळे या शहराला दोन्ही शब्द परके नाहीत आणि कुठलाच पूर्ण आपलाही नाही.

‘खोडवा’ शब्दाची घडण साधी आहे. खोड म्हणजे बुंधा, झाडाचा जमिनीलगतचा भाग. गार वरून गारवा, तसा खोड वरून खोडवा, असं निदान कानाला तरी वाटतं. शब्द पुल्लिंगी. खोडवा, खोडव्याचा, खोडव्याला, अनेकवचन खोडवे. मराठीत दुसरीही एक खोड आहे, जडलेली सवय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ती. दोन्हींचं मूळ एक की वेगळं, हा वाद भाषाशास्त्रज्ञांचा. पण तुटल्यावरही पुन्हा फुटणं ही उसाची खोड आहे असं कुणी म्हटलं तर ते चुकीचं ठरणार नाही.

शब्दाचा खरा अर्थ त्याच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांत असतो असं मला नेहमी वाटतं. लागण करतात. खोडवा करत नाहीत, खोडवा ठेवतात किंवा राखतात. बेणं टिपरीतून उगवतं, खोडवा फुटतो. वावर रिकामं करायचं तर खोडवा मोडतात. ‘ठेवणे’ या क्रियापदात एक निर्णय दडलेला आहे. ऊस तुटला की त्याच दिवशी शेतकऱ्यापुढे दोन वाटा असतात: नांगर घालायचा की ठेवायचं. ठेवलं तर वर्षभराचं पाणी, मजुरी आणि आशा त्या बुडख्यांच्या हवाली केली जाते. ‘खोडवा ठेवला’ हे वाक्य म्हणजे एक करार असतो.

हा शब्द उसापुरता राहिलेला नाही. ज्वारी कापल्यावर तिच्या सडांतून येणाऱ्या फुटव्यालाही खोडवा म्हणतात. तिथे मात्र एक सूचना विदर्भातल्या प्रत्येक गुराख्याला माहीत असे. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत एक द्रव्य असतं, त्यापासून जनावराच्या पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. असे फुटवे खाल्लेली गाय बघता बघता दगावते. याला किराळ लागणं म्हणतात. जळगावकडे केळीच्या बुंध्याशी येणारं पील राखून दुसरं पीक घेतात, त्या बागेला पिलबाग असं नाव आहे. वनस्पतीची युक्ती एकच आहे, नावं मात्र त्या त्या पिकासोबत राहणाऱ्या माणसांनी वेगवेगळी ठेवली.

नागपूरला उसाशी काय देणंघेणं, असा प्रश्न एव्हाना आला असेल. उत्तर शहराच्या पूर्वेला आहे. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूरचा उत्तर भाग, म्हणजे वैनगंगेचं खोरं, ही झाडीपट्टी. इथे कोहळी समाजाची वस्ती आहे. आर. व्ही. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कोहळ्यांची ओळख दोन कामांनी करून दिलेली आहे: तलाव बांधणं आणि ऊस पिकवणं. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला असता त्याने तिथून आपल्या पूर्वजांना आणलं, अशी या समाजाची परंपरा आहे. काशीकडचा प्रदेश उसाचा, आणि गोंड राजांना आपल्या रानात तलाव हवे होते. जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, असा त्या काळचा रिवाज सांगतात. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं मानलं जातं. आज तो गोंदिया जिल्ह्यात आहे आणि लोक तिथे राष्ट्रीय उद्यान पाहायला, हिवाळ्यात परदेशी पक्षी पाहायला जातात. त्या बांधाखाली एके काळी ऊस होता, गुऱ्हाळं होती, गूळ होता, हे तिथल्या फलकांपेक्षा तिथल्या म्हाताऱ्या माणसांना जास्त ठाऊक.

तलाव आणि ऊस हे नातं समजून घेतल्याशिवाय या भागातल्या खोडव्याचा प्रश्न समजत नाही. नव्या लागणीला पाणी लागतं तसं खोडव्यालाही लागतं, आणि तेही नेमकं वाईट वेळी. डिसेंबर-जानेवारीत ऊस तुटला तर खोडव्याचे फुटवे मार्च, एप्रिल, मे असे उन्हाळ्याचे तीन महिने काढतात. विदर्भाचा मे सोपा नसतो. नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तलावात मेपर्यंत पाणी टिकलं तरच खोडवा टिकणार. म्हणजे खोडवा ठेवायचा की नाही, हे विळ्या-कोयत्यापेक्षा तलावाची पातळी ठरवते. पश्चिम महाराष्ट्रात कृष्णा-पंचगंगेच्या काठी हा हिशेब उपसा सिंचनाने सैल केला. झाडीपट्टीत तो तलावाशी बांधलेला राहिला. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि त्यांचं नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, थोडक्यात मामा तलाव, असं पडलं. अनेक तलावांत गाळ साचत गेला, पाणी धानालाच पुरेनासं झालं. जिथे मेमध्ये पाणी नाही तिथे खोडवा हा शब्दही हळूहळू कमी बोलला जातो. शब्द आणि पाणी एकाच पाटाने येतात, एकाच पाटाने आटतात.

पुढे साखर कारखाने आले. उमरेड तालुक्यात बेला, भंडारा जिल्ह्यात देव्हाडा, वर्धा जिल्ह्यात जामणी. नागपूर जिल्ह्यातल्या एका सहकारी कारखान्याला राम गणेश गडकऱ्यांचं नाव दिलं गेलं. गडकऱ्यांचं निधन १९१९ च्या जानेवारीत सावनेरला झालं. कारखाना येतो तेव्हा यंत्रांबरोबर शब्दही आणतो. गट ऑफिस, चिटबॉय, तोडणी कार्यक्रम, ऊसनोंद. उसाची नोंद करताना कारखान्याचा माणूस शेतकऱ्याला विचारतो: आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा? नोंदीतल्या या एका शब्दावर पुढचं पुष्कळ काही ठरतं. खोडवा लागणीपेक्षा महिनाभर तरी आधी पक्व होतो, म्हणून गाळपाच्या सुरुवातीला त्याला तोड मिळायला हवी. पक्व ऊस उभा ठेवला तर त्याला तुरा येतो, वजन आणि साखर दोन्ही घटतं. नोंदीत ‘खोडवा’ लिहायचं राहिलं, तर महिनाभराची साखर वावरातच जाते.

आता या शब्दाच्या उलट्या परिणामाबद्दल बोलायला हवं, कारण मला या प्रकरणात सर्वांत जास्त कळकळीने सांगायचं आहे ते हेच.

खोडवा ‘ठेवला’ जातो, म्हणून तो फुकटचा वाटतो. बेण्याचा खर्च वाचला, नांगरट वाचली, लागणीची मजुरी वाचली. मग पाणी सोडलं की झालं, असं मन म्हणतं. महाराष्ट्रात उसाखालच्या क्षेत्राचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग खोडव्याचा असतो, आणि एकूण उसाच्या वजनात मात्र त्याचा वाटा त्या प्रमाणात भरत नाही. ही तफावत उसाच्या जातीत नाही, आपल्या नजरेत आहे. बुडखा जिवंत आहे एवढ्यावर आपण समाधान मानतो.

बुडख्यांची अवस्था काय असते ते पाहा. वर्ष-दीड वर्ष पाणी पिऊन जमीन दबलेली. त्यावरून तोडणीच्या वेळी बैलगाड्या आणि ट्रॅक्टर गेलेले. जुन्या मुळांभोवतालचा अन्नसाठा आधीच्या पिकाने उपसलेला. कुठे बुडखा मेलेला, म्हणून ओळीत नांग्या पडलेल्या. आणि कोयता जमिनीपासून चार बोटं वरून चाललेला, कारण तोडणाऱ्या जोडीला वेग हवा. (ऊसतोडीच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. माणसाला हत्याराच्या नावाने मोजणारा हा शब्द आपण कधीतरी बदलायला हवा.) बुडखा उंच राहिला की वरच्या डोळ्यांतून फुटवे येतात. त्यांची मुळं जमिनीपर्यंत पोचत नाहीत. ते लुकलुक करतात आणि वाळतात, तोवर खालच्या जोमदार डोळ्यांच्या वाट्याचं अन्न खाऊन टाकतात. म्हणून खोडव्याची खरी सुरुवात आधीच्या पिकाच्या तोडणीत होते: ऊस जमिनीलगत तुटला पाहिजे, आणि उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने छाटून त्यावर बुरशीनाशक फवारलं पाहिजे.

मग पाचट. ऊस गेल्यावर वावरात वाळलेल्या पानांची जाड गादी उरते. पिढ्यान् पिढ्या आपण तिला काडी लावली. पेटवल्यावर वावर स्वच्छ दिसतं, फुटवे लवकर दिसतात, आणि शेतकऱ्याला काम झाल्यासारखं वाटतं. जळतं काय, तेही मोजून पाहू. एका हेक्टरात आठ ते दहा टन पाचट निघतं. त्यात चाळीस-पन्नास किलो नत्र, वीस-तीस किलो स्फुरद, पाऊणशे ते शंभर किलो पालाश आणि तीन-चार टन सेंद्रिय कर्ब असतो. नत्र आणि कर्ब तर धुरात जातोच. वरच्या थरातले जिवाणू भाजून निघतात. त्याऐवजी पाचट सरीत दाबून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणूखत टाकलं, की तीन-चार महिन्यांत त्याचं खत होऊ लागतं. शिवाय पाचटाखाली ओल टिकते आणि तण दबतं. विदर्भासारख्या उन्हाच्या प्रदेशात मला हा दुसरा फायदा पहिल्याहून मोठा वाटतो. मेमधली एक पाळी वाचणं म्हणजे खोडवा वाचणं.

पाचट ठेवलं तर खत कसं द्यायचं, ही अडचण असते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी त्यावर सुचवलेला उपाय पहारीचा. बुडख्यापासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर पहारीने वीतभर खोल छिद्र घ्यायचं, एका फुटावर दुसरं, आणि खत त्या छिद्रांत टाकून मातीने बुजवायचं. पहिली मात्रा तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत सरीच्या एका बाजूने, दुसरी १३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूने. खत उघड्यावर राहत नाही, उडत नाही, वाहत नाही. मुळाच्या तोंडी जातं. या उपायाला यंत्र लागत नाही, म्हणून तो मला आवडतो.

खोडवा किती येणार हे उसाच्या जातीवरही असतं. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास संस्था सुरू झाली. जातीच्या नावापुढचं ‘को’ हे तिथलं. १९३२ पासून सातारा जिल्ह्यातल्या पाडेगावच्या केंद्रात कोइमतूरहून आलेल्या वाणांची महाराष्ट्राच्या मातीत पारख होते आहे. तिथून शेतकऱ्यांना मिळालेल्या को ८६०३२, म्हणजे ‘नीरा’ या जातीने खोडव्याचं नाव राखलं. कुठल्याही ऊस उत्पादकाला ती ‘शहाऐंशी झिरो बत्तीस’ म्हणून माहीत आहे. ती पसरली त्याचं एक मोठं कारण म्हणजे लागणीइतकाच जीव ती खोडव्यातही धरते. आणि रोगाची बाजूही सांगायला हवी. खोडवा खुरटवणारा एक जिवाणूजन्य रोग आहे. जगभर त्याचं नावच खोडव्यावरून पडलं आहे. लागणीत तो ओळखूही येत नाही. कोयत्याच्या पात्यावरून तो बुडख्याबुडख्याला पोचतो आणि पुढच्या पिढीत दिसू लागतो. गवताळ वाढ आणि काणी हे रोगही असेच खोडव्यात डोकं वर काढतात. निरोगी बेणं हवं ते लागणीसाठी, असं वाटतं. खरं तर ते खोडव्यासाठी हवं असतं.

एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये, असं शास्त्रज्ञ सांगतात. उशिराच्या फुटव्यांना वाढायला थंडी उरत नाही, ते थेट उन्हाच्या तडाख्यात सापडतात आणि रोग-किडींना आयतेच मिळतात. नागपूरकडचा उन्हाळा लवकर आणि कडक, तेव्हा इथे ही तारीख अधिकच काटेकोर पाळायला हवी.

विदर्भातल्या वाचकाला खोडवा समजावण्याचा सर्वांत सोपा मार्ग मी शेवटी ठेवला आहे, कारण त्याच्यापाशी स्वतःचा शब्द आहे: फरदड. कपाशीच्या दोन-तीन वेचण्या झाल्या, नोव्हेंबर-डिसेंबर उलटला, तरी पऱ्हाटी उपटायची नाही. एक-दोन पाणी द्यायचं, खत टाकायचं, आणि पुन्हा पाती-फुलं येऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी आणखी कापूस घ्यायचा. हीच फरदड. उसाचा खोडवा आणि कपाशीची फरदड दोन्ही एकाच इच्छेतून जन्मतात. लावलेलं झाड अजून जिवंत आहे, तर त्याच्याकडून आणखी एकदा घेऊ.

पण शास्त्राचा निवाडा दोघांबद्दल नेमका उलटा आहे. खोडवा नीट राखावा. फरदड घेऊच नये. कारण गुलाबी बोंडअळी. ही अळी कपाशीवर जगते आणि कपाशी नसेल त्या महिन्यांत तिची उपासमार होते. फरदडीने ती उपासमार टळते, एका हंगामाची अळी दुसऱ्या हंगामाला भेटते. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने केलेलं नुकसान अनेक घरांत अजून विसरलेलं नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं सांगणं तेव्हापासून सातत्याने हेच आहे की डिसेंबरअखेर पीक संपवा, पऱ्हाट्या वावरात उभ्या ठेवू नका. जिनिंगमध्ये कच्चा कापूस उन्हाळ्यापर्यंत पडू देऊ नका, हेही त्यातच येतं.

उसाच्या मुळाशी झोपलेला डोळा आणि बोंडात झोपलेली अळी, दोघंही पुढच्या हंगामाची वाट पाहतात. एकाला राखायचं, दुसरीला उपाशी ठेवायचं. ‘खोडवा’ आणि ‘फरदड’ हे दोन शब्द शेजारी ठेवून शिकवले, तर पिकाचा कालावधी म्हणजे काय, कीड हंगाम कशी ओलांडते आणि लोभ कुठे थांबवायचा, हे तिन्ही धडे शाळेतल्या मुलालाही एका तासात कळतील. विदर्भातल्या शाळांत तो तास व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आणि एक विनंती वाचकांना. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडची ज्यांची मुळं आहेत, ज्यांच्या आजोबांच्या काळी बांधाखाली ऊस आणि वाडीत घाणा होता, त्यांनी घरातल्या थोरांना एवढं विचारावं: ऊस तुटल्यावर पुन्हा फुटायचा, त्याला तुम्ही काय म्हणत होतात? पेडी म्हणत होतात, खोडवा म्हणत होतात, की तिसरंच काही? जे सांगतील ते गावाच्या नावासह आणि त्यांच्याच उच्चारात लिहून ठेवा. ते शब्द बोलणारी माणसं आता सत्तरी-ऐंशी ओलांडलेली आहेत.